वकिलीचे शिक्षण आणि अर्थसाहाय्य : काशीच्या निमित्ताने एक अभ्यास

काशी आणि मराठी माणूस यांचे नाते केवळ तीर्थयात्रेचे नाही. ते विद्येचे आहे आणि विशेषतः धर्मशास्त्राचे, म्हणजेच जुन्या काळच्या विधिशास्त्राचे आहे. पैठणहून काशीस जाऊन स्थायिक झालेल्या भट्ट घराण्याने या विषयात पिढ्यान्पिढ्या ग्रंथरचना केली. कमलाकरभट्टांचा ‘निर्णयसिंधु’ १६१२ मध्ये पूर्ण झाला. त्यांचे पुतणे गागाभट्ट यांनी १६७४ मध्ये रायगडावर शिवराज्याभिषेकाचे पौरोहित्य केले. याच घराण्यातील नीलकंठभट्टांच्या ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथास पुढे इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी हिंदू कायद्याचा आधारग्रंथ म्हणून मान्यता दिली. गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण या भागांत तर वारसाहक्काच्या वादात त्याचा शब्द निर्णायक मानला जाई. काशीस १७९१ मध्ये संस्कृत पाठशाळा स्थापन करणारे जोनाथन डंकन पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले. त्या पाठशाळेच्या उद्दिष्टांतही हिंदू कायद्याच्या जतनाचा आणि अध्ययनाचा समावेश होता.

त्या काळी विद्यार्थ्याच्या उदरनिर्वाहाचा भार समाज उचलीत असे. अन्नछत्र, माधुकरी, गुरुगृही निवास आणि एखाद्या संस्थानिकाची वर्षासने यांवर विद्यार्थ्याची बारा-बारा वर्षे निघत. आज विद्यापीठाचे शुल्क, वसतिगृह, पुस्तके आणि संगणक यांचा खर्च माधुकरीवर भागणारा नाही. अन्नछत्राची जागा आता शिष्यवृत्तीने, व्याज-अनुदानाने आणि बँकेच्या शैक्षणिक कर्जाने घेतली आहे. या तिन्हींची रीत नीट समजून घेतली, तर कर्ज हा बोजा न राहता शिडी ठरते. समजून न घेतल्यास तीच शिडी पायात अडकते. प्रस्तुत लेखाचा हेतू ही रीत क्रमाने मांडण्याचा आहे.

तीन झरे : शिष्यवृत्ती, बचत आणि कर्ज

विधिशिक्षणाच्या अर्थकारणाचा सर्वोत्तम धडा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चरित्रात आहे. १९१३ मध्ये ते बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन अमेरिकेस गेले. त्या शिष्यवृत्तीस शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याची अट होती. लंडनमधील शिक्षण अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. १९१८ च्या अखेरीस ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले आणि वेतनातून काटकसरीने बचत करू लागले. ती बचत, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले आणि १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले.

या उदाहरणातून तीन गोष्टी शिकता येतात. पहिली, थोरांचेही शिक्षण एकाच झऱ्याच्या पाण्यावर झालेले नाही. दुसरी, प्रत्येक साहाय्यास काही अट असते आणि ती स्वीकारण्यापूर्वी वाचावी लागते. तिसरी, कर्ज हा शेवटचा झरा आहे. शिष्यवृत्ती आणि बचत यांनी जे भागत नाही, तेवढ्यापुरताच त्याचा उपसा करावा.

अभ्यासक्रमाची निवड

भारतात वकिलीच्या पदवीचे दोन मार्ग आहेत. बारावीनंतर पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम हा पहिला आणि कोणत्याही पदवीनंतर तीन वर्षांचा एलएल. बी. अभ्यासक्रम हा दुसरा. पंडित मदनमोहन मालवीय यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या काशी हिंदू विद्यापीठात हे दोन्ही अभ्यासक्रम चालतात. विद्यापीठाचे संस्थापक स्वतः नामांकित वकील होते. चौरीचौरा खटल्यात सत्र न्यायालयाने १७२ जणांना फाशीची शिक्षा सुनावली होती. १९२३ मध्ये मालवीयांनी उच्च न्यायालयात त्यांची बाजू मांडली आणि १९ जण वगळता इतरांची फाशी टळली. वकिलीच्या विद्येचे मोल याहून अधिक स्पष्ट शब्दांत सांगता येणार नाही.

या विद्यापीठातील प्रवेश २०२२ पासून सीयूईटी या सामाईक परीक्षेद्वारे होतात. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी २००८ पासून क्लॅट ही स्वतंत्र परीक्षा आहे. महाविद्यालय कोणतेही असो, त्यास बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता आहे की नाही, हे पालकांनी प्रवेशापूर्वीच पाहावे. मान्यता नसलेल्या संस्थेची पदवी वकिलीच्या सनदेस उपयोगी पडत नाही आणि बँकही अशा अभ्यासक्रमास कर्ज देत नाही.

एका कुटुंबाचे उदाहरण

विषय सुगम व्हावा म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. काशीच्या ब्रह्माघाटावर राहणारे एक मराठी पुरोहित आहेत. त्यांच्या कन्येस पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमास प्रवेश मिळाला असून पुढे न्यायाधीश व्हावे, अशी तिची आकांक्षा आहे. वडिलांना वेतनपत्रक नाही. उत्पन्न दक्षिणेचे आणि यात्रेकरूंच्या राबत्यावर अवलंबून. घरात यापूर्वी कोणी कर्ज काढलेले नाही. ‘ऋण काढून मुलीस शिकवावे का आणि फिटले नाही तर?’ हा त्या घरातील खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर खर्चाच्या अंदाजपत्रकातूनच सापडेल. शुल्काचा आकडा ऐकीव माहितीवर न घेता प्रवेशाच्या वर्षीच्या अधिकृत पत्रकावरून घ्यावा. त्यात परीक्षा व ग्रंथालय शुल्क, अनामत, वसतिगृह व भोजन, पुस्तके, संगणक आणि उन्हाळी प्रशिक्षणाचा प्रवास हे सर्व पाचही वर्षांसाठी मांडावे. घरून ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याचा खर्च आणि पुण्याहून अथवा नागपूरहून काशीस येणाऱ्या विद्यार्थ्याचा खर्च यांत मोठी तफावत पडते. आपल्या उदाहरणात सर्व वजावटीनंतर दरवर्षी ८०,००० रुपये, म्हणजे पाच वर्षांत ४ लाख रुपये कमी पडतात, असे समजू.

कर्जाचे स्वरूप

भारतीय बँक संघाने तयार केलेली आदर्श शैक्षणिक कर्ज योजना २००१ पासून अमलात आली. तिच्यात वेळोवेळी सुधारणा झाल्या असल्या, तरी मूळ चौकट कायम आहे. तिची ठळक वैशिष्ट्ये अशी :

१. विद्यार्थी हा मुख्य कर्जदार आणि आई-वडील अथवा पालक हे सहकर्जदार असतात.

२. ४ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जास तारण अथवा स्वतःचा हिस्सा लागत नाही. त्यावरील कर्जास देशातील शिक्षणासाठी ५ टक्के हिस्सा कुटुंबाने उचलावयाचा असतो.

३. २०१५ मध्ये सुरू झालेल्या पतहमी निधी योजनेमुळे ७.५ लाख रुपयांपर्यंतचे पात्र कर्ज तारणाविना आणि त्रयस्थ जामिनाविना देता येते. कर्ज थकल्यास बँकेच्या हानीचा ७५ टक्के भार हा निधी उचलतो.

४. अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतर एक वर्ष हप्ते भरावे लागत नाहीत. बँकेच्या भाषेत यास मोरेटोरियम म्हणतात. या काळात सरळव्याज आकारले जाते.

५. परतफेडीची मुदत त्यानंतर कमाल १५ वर्षांपर्यंत मिळते.

६. शुल्काची रक्कम सहसा थेट संस्थेच्या खात्यात, वर्षागणिक अथवा सत्रागणिक जमा होते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. हप्ते सुरू नाहीत, याचा अर्थ व्याज सुरू नाही असा नव्हे. ज्या दिवशी पहिली रक्कम संस्थेस दिली जाते, त्याच दिवसापासून व्याजाची मोजणी सुरू होते.

व्याज-अनुदान : कोणास, किती

या व्याजाचा भार हलका करण्यासाठी केंद्र शासनाच्या दोन योजना आहेत. पहिली २००९-१० पासूनची व्याज-अनुदान योजना. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ४.५ लाख रुपयांपर्यंत असेल आणि अभ्यासक्रम पात्र संस्थेतील व्यावसायिक अथवा तांत्रिक स्वरूपाचा असेल, तर मोरेटोरियमच्या काळातील संपूर्ण व्याज शासन भरते. हा लाभ आयुष्यात एकदाच मिळतो. पहिल्या पदवीसाठी तो घेऊन झाला असेल, तर पुढे तीन वर्षांच्या एलएल. बी. साठी तो पुन्हा मिळत नाही. वैद्यकीय कारणाखेरीज शिक्षण मध्येच सोडल्यासही अनुदान बंद होते.

दुसरी योजना ‘पीएम-विद्यालक्ष्मी’. केंद्रीय मंत्रिमंडळाने ती ६ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर केली. राष्ट्रीय क्रमवारीच्या आधारे निवडलेल्या दर्जेदार उच्चशिक्षण संस्थांत गुणवत्तेने प्रवेश मिळवणाऱ्या विद्यार्थ्यांस तारण आणि जामीनदार यांच्याविना कर्ज, हे तिचे सूत्र आहे. व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशास ती लागू नाही. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असल्यास १० लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावर मोरेटोरियमच्या काळात ३ टक्के व्याज-सवलत मिळते. मात्र शासनाच्या अन्य शिष्यवृत्तीचा अथवा व्याज-अनुदानाचा लाभ मिळत असेल, तर ही सवलत मिळत नाही.

आकडे काय सांगतात

समजा, व्याजदर ९ टक्के आहे. प्रत्यक्ष दर बँकेगणिक आणि काळानुसार बदलतो. येथे तो केवळ हिशेबासाठी धरला आहे. दरवर्षीच्या आरंभी ८०,००० रुपये उचलले, तर प्रत्येक उचलीवर वर्षास ७,२०० रुपये सरळव्याज होते. पहिल्या उचलीस सहा वर्षे, दुसरीस पाच, तिसरीस चार, चौथीस तीन आणि पाचवीस दोन, अशी एकूण वीस वर्षांची बेरीज होते. म्हणजे मोरेटोरियम संपताना व्याजच १,४४,००० रुपये झालेले असते.

आता तीन शक्यता पाहू. पूर्ण अनुदान मिळाले, तर परतफेड ४,००,००० रुपयांपासून सुरू होईल आणि दहा वर्षांसाठी मासिक हप्ता सुमारे ५,०६७ रुपये पडेल. केवळ ३ टक्के सवलत मिळाली, तर ४८,००० रुपये वाचतील, मूळ रक्कम ४,९६,००० रुपये होईल आणि हप्ता सुमारे ६,२८३ रुपये. कोणताही लाभ न मिळाल्यास रक्कम ५,४४,००० रुपये आणि हप्ता सुमारे ६,८९१ रुपये. हीच शेवटची रक्कम पंधरा वर्षांत फेडावयाची ठरवल्यास हप्ता सुमारे ५,५१८ रुपयांवर येतो. परंतु एकूण भरणा ८.२७ लाखांवरून ९.९३ लाखांवर जातो. हप्ता हलका करण्याची किंमत सुमारे १.६६ लाख रुपये आहे.

शिकत असतानाच व्याज भरीत गेल्यास हा डोंगर वाढत नाही. पहिल्या वर्षी त्यासाठी महिना ६०० रुपये लागतात. पाचव्या वर्षी, चार लाखांवर, महिना ३,००० रुपये. अशा नियमित भरण्यास व्याजदरात १ टक्क्याची सूट देण्याची तरतूद आदर्श योजनेत आहे. आपल्या शाखेत ती लागू आहे का, हे विचारून घ्यावे.

शिष्यवृत्तीचाही असाच हिशेब करावा. बारावीच्या परीक्षेत आपल्या मंडळातील वरच्या २० शतमकात आलेल्या आणि ४.५ लाख रुपयांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र शासनाची शिष्यवृत्ती आहे. निवड झाल्यास पहिली तीन वर्षे १२,००० रुपये आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात चौथ्या व पाचव्या वर्षी २०,००० रुपये मिळतात. पाच वर्षांची बेरीज ७६,००० रुपये होते. ज्या दोन योजना एकत्र घेता येत नाहीत, त्यांपैकी कोणती घ्यावी, हे नावाच्या मोठेपणावरून न ठरवता बेरजेवरून ठरवावे. राज्य शासनांच्या शिष्यवृत्त्यांस बहुधा त्या राज्याच्या अधिवासाची अट असते. तेव्हा काशीत पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या मराठी कुटुंबाने उत्तर प्रदेशाच्या योजना पाहाव्यात, महाराष्ट्राच्या नव्हेत.

अर्ज करण्याची रीत

अर्ज प्रवेश निश्चित होताच करावा; शुल्काची शेवटची तारीख उंबरठ्यावर येईपर्यंत थांबू नये. शासनाच्या विद्यालक्ष्मी संकेतस्थळावर सामाईक अर्ज भरता येतो. आवश्यक कागद असे : दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, प्रवेश परीक्षेचा निकाल, संस्थेचे प्रवेशपत्र, अभ्यासक्रमाच्या संपूर्ण काळाचे शुल्कपत्रक, विद्यार्थी व पालक यांचे आधार आणि पॅन, निवासाचा पुरावा, पालकांच्या उत्पन्नाचा पुरावा, बँक खात्याचे उतारे आणि छायाचित्रे. शिक्षणात एखाद्या वर्षाचा खंड असल्यास त्याचा लेखी खुलासा जोडावा.

आपल्या उदाहरणातील पुरोहितांची अडचण येथेच उभी राहते. वेतनपत्रक नाही, मग उत्पन्न दाखवायचे कसे? व्याज-अनुदानासाठी तहसील कार्यालयासारख्या सक्षम प्राधिकाऱ्याचा उत्पन्नाचा दाखला ग्राह्य धरला जातो. तो मिळण्यास अवधी लागतो, म्हणून त्याचा अर्ज परीक्षेच्या निकालाची वाट न पाहता करावा. दक्षिणेची रक्कम नियमितपणे बचत खात्यात जमा करण्याची सवय असेल, तर खात्याचा उताराही उत्पन्नाची साक्ष देतो. उत्पन्न ४,२०,००० आहे की ४,८०,००० यावर आपल्या उदाहरणात ९६,००० रुपयांचा फरक पडतो. म्हणूनच कमी आकडा सांगण्याचा मोह काहींना होतो. हा मोह कटाक्षाने टाळावा. खोट्या दाखल्यावर घेतलेले अनुदान परत करावे लागू शकते. शिवाय जिला उद्या न्यायासनावर बसावयाचे आहे, तिच्या शिक्षणाचा आरंभ असत्य कागदाने होणे शोभणारे नाही.

शाखेतील कर्मचाऱ्यांनीही काही बाबी ध्यानी ठेवाव्यात. अर्जाची पोच द्यावी. अपुऱ्या कागदांची यादी एकाच वेळी द्यावी, हप्त्याहप्त्याने नव्हे. विद्यार्थ्याचे घर शाखेच्या सेवाक्षेत्राबाहेर आहे, या कारणाने शैक्षणिक कर्जाचा अर्ज नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच स्पष्ट केले आहे. केवळ पतगुण कमी असल्याच्या कारणावरून विद्यार्थ्याचा अर्ज फेटाळता येणार नाही, असे मत केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये एका प्रकरणात व्यक्त केले. अर्ज नाकारणे भाग पडल्यास कारण लेखी द्यावे. ग्राहकाने प्रथम शाखा व्यवस्थापक, मग विभागीय कार्यालय या क्रमाने दाद मागावी. बँकेकडे लेखी तक्रार करून ३० दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाण्याचा मार्ग खुला आहे.

वकिलीची संथ सुरुवात आणि परतफेड

अभियंत्याच्या अथवा व्यवस्थापन पदवीधराच्या कर्जापेक्षा वकिलाच्या कर्जाचा विचार थोडा वेगळा करावा लागतो. मोठ्या कंपन्यांत व विधी संस्थांत नोकरी मिळणाऱ्यांची गोष्ट निराळी. परंतु काशीच्या कचहरीत एखाद्या ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली उभे राहणाऱ्या नवोदितास पहिली काही वर्षे उत्पन्न अल्पच असते. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये कनिष्ठ वकिलांना शहरी भागात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन देण्याची शिफारस केली. ती शिफारस होती, सक्ती नव्हे. १५,००० रुपयांतून ६,८९१ रुपयांचा हप्ता देणे म्हणजे जवळजवळ निम्मी मिळकत कर्जास देणे होय.

न्यायसेवेची आकांक्षा असणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट हिशेबात धरावी. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ रोजी दिलेल्या निर्णयाने दिवाणी न्यायाधीशाच्या प्रवेशपदासाठी तीन वर्षे वकिली केल्याची अट पुन्हा आणली. मोरेटोरियम मात्र पदवीनंतर एकच वर्ष आहे. म्हणजे न्यायाधीशपदाची परीक्षा देण्याची पात्रता येण्यापूर्वीच सुमारे दोन वर्षे हप्ते भरावे लागतील. त्या चोवीस हप्त्यांची तरतूद आजच करावयास हवी. शिकत असताना कुटुंबाने महिना हजार रुपयांचे आवर्त खाते उघडले, तर पाच वर्षांत मुद्दलच ६०,००० रुपये जमते आणि हा खडतर काळ बराचसा निभावतो.

दिलासा देणाऱ्या बाबीही आहेत. सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी वकिलांच्या नोंदणीचे शुल्क सर्वसाधारण उमेदवारांस ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांस १२५ रुपये या वैधानिक मर्यादेत आणले. तत्पूर्वी अनेक राज्यांत ते हजारोंच्या घरात गेले होते. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक कर्जाची मुदतपूर्व फेड केल्यास दंड लागत नाही. जुन्या करप्रणालीनुसार प्राप्तिकर भरणाऱ्यास शैक्षणिक कर्जावरील व्याजाची वजावट कमाल आठ वर्षे मिळते.

तरीही हप्ता चुकण्याची वेळ आली, तर बँकेस टाळू नये. थकबाकी ९० दिवसांहून अधिक काळ राहिल्यास खाते अनुत्पादक ठरते आणि त्याची नोंद विद्यार्थी व पालक दोघांच्याही पतइतिहासात होते. तत्पूर्वी शाखेत जाऊन परिस्थिती सांगितल्यास मुदत वाढवणे अथवा हप्त्यांची फेररचना करणे यांचा विचार होऊ शकतो. बँकेस अडचणीत असलेला ग्राहक समजू शकतो, बेपत्ता झालेला नव्हे.

समारोप

मनुस्मृतीतील अठरा व्यवहारपदांत पहिले स्थान ऋणादानाचे आहे. काशीच्या मराठी पंडितांनी आपल्या निबंधग्रंथांत ऋण, वृद्धी आणि प्रतिभू, म्हणजे कर्ज, व्याज आणि जामीन, यांची बारकाईने चर्चा केली. व्याज मुद्दलाहून अधिक होऊ नये, हा दामदुपटीचा नियम मुंबई इलाख्यातील न्यायालयांत हिंदू ऋणकोंच्या कामी येत असे. आजच्या बँक कर्जास तो नियम लागू नाही. त्याची जागा करारपत्राने आणि रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनी घेतली आहे. म्हणूनच करारपत्र वाचून सही करणे, हा कायद्याच्या विद्यार्थ्याचा पहिला स्वाध्याय ठरावा.

ब्रह्माघाटावरील त्या घरातील प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. ऋण काढावे, पण गरजेपुरते, अनुदान आणि शिष्यवृत्ती यांचा शोध घेऊन, हप्त्याचा हिशेब आधी मांडून आणि खरा कागद पुढे ठेवून. असे ऋण फिटते आणि त्यातून उभे राहिलेले शिक्षण पुढील पिढीस ऋणमुक्त करते.

उजळणीसाठी प्रश्न

१. मोरेटोरियमच्या काळात व्याजाची मोजणी केव्हापासून सुरू होते?

२. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ४ लाख रुपये आणि ७ लाख रुपये असलेल्या दोन विद्यार्थ्यांस कोणती व्याज-सवलत लागू होऊ शकते?

३. दरवर्षी १ लाख रुपये याप्रमाणे पाच वर्षे कर्ज घेतल्यास, ९ टक्के सरळव्याजाने मोरेटोरियम संपताना एकूण देणे किती होईल? (उत्तर : ६,८०,००० रुपये)

४. न्यायसेवेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्याने किती हप्त्यांची आगाऊ तरतूद करावी आणि का?